पुनर्वसन म्हटलं की आपल्याला फक्त धरण आठवतं

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

भोर-वेल्ह्यात 'पुनर्वसन' हा शब्द काढला की समोरचा माणूस लगेच विचारतो, "कुठलं? भाटघरचं, नीरा-देवघरचं, की गुंजवणीचं?" त्यात त्याची चूक नाही. इंग्रजांच्या काळातल्या भाटघरपासून आपल्या किती पिढ्या या शब्दाखाली गेल्या. पर्यायी जमीन, संकलन रजिस्टर, अठरा नागरी सुविधा, 'पुनर्वसनासाठी राखीव' असा सातबाऱ्यावरचा शिक्का, हे शब्द इथल्या पाचवीच्या पोरालाही माहीत आहेत. वीस वर्षं बातमीदारी करताना मीही या शब्दाच्या बातम्या याच अर्थाने लिहिल्या.

पण या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि आज त्यावर लिहायचं आहे. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं हे पुनर्वसन. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला पुन्हा स्वतःच्या पायाने परसाकडेला जाता येणं हे पुनर्वसन. मशीनमध्ये बोटं गेलेल्या पोराला उरलेल्या हाताने काम करता येणं, सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला बसता येणं, हेही पुनर्वसन. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, कृत्रिम अवयव, सगळं याच छत्राखाली येतं.

दोन्ही पुनर्वसनांचा आजार मात्र एकच आहे. कागद बंद झाला की काम संपलं असं धरलं जातं. धरणग्रस्ताला जमीन 'वाटप' झाली, फाईल बंद. ती जमीन पिकते का, पाणी येतं का, हे कुणी बघत नाही. तसंच रुग्णाला 'डिस्चार्ज' दिला, फाईल बंद. तो घरी जाऊन उंबरठा ओलांडू शकला का, शेताच्या बांधापर्यंत गेला का, हे कुणी विचारत नाही.

हे विचारायला जो जातो, मोजतो, लिहून काढतो आणि चार जाणत्यांसमोर ठेवतो, त्याला संशोधक म्हणतात. आजची पोस्ट अशा तरुण संशोधकांबद्दल आहे, म्हणजे खरं तर जे होऊ शकले असते आणि झाले नाहीत त्यांच्याबद्दल. आणि त्यांचा हात धरायला कोण असायला हवं होतं, त्याबद्दल.

वेल्हे तालुक्यातली (आता राजगड तालुका म्हणायचं) एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही, तिला नोकरी करायची आहे. गाव धरणाच्या पाण्याच्या पलीकडचं. वडील भातशेती करतात. मुलगी हुशार. बारावीला चांगले मार्क पडले आणि तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलं.

इंटर्नशिपमध्ये तिच्याकडे गुडघेदुखीच्या रुग्णांचे फॉर्म भरायचं काम आलं. गुडघ्याचा त्रास मोजायची एक प्रश्नावली जगभर वापरतात. 'वोमॅक' म्हणतात तिला, १९८० च्या दशकात कॅनडात तयार झालेली. जिना चढताना किती त्रास होतो, मोजे घालताना किती, असे प्रश्न. त्यात दोन प्रश्न असेही आहेत की मोटारीत बसता-उतरताना किती त्रास होतो, आणि बाथटबमध्ये उतरताना-निघताना किती.

ती मला म्हणाली, "दादा, फॉर्म भरताना मला माझी चुलती आठवत होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती मोटारीत कधी बसते? वडापच्या जीपमध्ये मागून चढते, तेही दोघांनी वर ओढल्यावर. बाथटब तर तिने सिरियलमध्येच बघितलाय. तिला काय जमत नाही? तर लावणीला वाकून दिवसभर चिखलात मागं सरकत जाणं. हंडा घेऊन उतार उतरणं. चुलीपुढं उकिडवं बसून उठणं. यातलं एकही फॉर्ममध्ये नाही. मग कागदावर माझी चुलती बरीच बरी दिसते. घरी ती भिंत धरून उठते."

मंडळी, हा नुसता किस्सा नाही. हा संशोधनाचा प्रश्न आहे आणि पक्क्या पायाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अपंगत्व मोजायची एक नवी चौकट मान्य केली. तिचा गाभा असा की नुसता अवयव बघू नका. माणूस कुठल्या कृती करू शकतो, आपल्या समाजात कसा वावरू शकतो, आणि त्याच्या आसपासची परिस्थिती त्याला मदत करते की अडवते, हेही बघा. वेल्ह्याच्या मुलीने ती चौकट पुस्तकात वाचण्याआधीच चुलतीत बघितली होती. मावळातल्या बायकांसाठी, चढ-उताराच्या आणि भाताच्या मुलखासाठी गुडघा मोजायची प्रश्नावली कशी असावी, एवढा साधा तिचा विषय होता. पन्नास-साठ बायकांशी बोलून सुरुवात करता आली असती.

तिने तो विषय मार्गदर्शकांपुढे मांडला. उत्तर आलं, "विषय चांगला आहे, पण तुझ्याच्याने होणार नाही. एवढ्या लांब कोण येणार? आपल्याच कॉलेजची साठ मुलं घे, मोबाईल बघून मान दुखते का ते तपास, महिन्यात संपव." तिने ते केलं. प्रमाणपत्र मिळालं. विषय मेला.

कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही, कारण मुद्दा एका कॉलेजचा नाहीच. त्या मार्गदर्शकांनाही मी दोष देत नाही. एका माणसाच्या हाताखाली आठ-दहा विद्यार्थी, सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, मध्येच इन्स्पेक्शनच्या फायली. अशाच कामात वीस वर्षं काढलेल्या एका ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट बाई मला म्हणाल्या, "मी पेशंट किती बघितले ते मोजलं जातं. तास किती घेतले ते मोजलं जातं. एका विद्यार्थिनीजवळ बसून तिचा प्रश्न नीट करायला मी तीन संध्याकाळी घालवल्या, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही."

माझ्या मते सगळं दुखणं या वाक्यात आहे. संशोधक वर्गात तयार होत नाही, तो कुणाच्या तरी शेजारी बसून तयार होतो. आमच्या धंद्यातही तेच. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते तिथे शिकलो. पण बातमी कशाला म्हणतात ते शिकलो डेस्कवरच्या एका म्हाताऱ्या उपसंपादकाकडून. ते माझ्या कॉपीवर लाल रेघ मारायचे आणि मारल्यावर दोन मिनिटं थांबून का मारली ते सांगायचे. ती दोन मिनिटं त्यांच्या पगारात धरलेली नव्हती. त्यांनी दिली म्हणून मी आज चार ओळी लिहितो. पण किती पोरांचं भविष्य कुणाच्या तरी चांगुलपणावर टांगून ठेवायचं?

आता थोडा इतिहास. तो आपल्याच पाण्याच्या वाटेवरचा आहे.

भाटघरचं पाणी नीरेतून, वीरवरून, कालव्याने फलटणकडे जातं. त्या फलटणशी निंबकर घराण्याचं नातं आहे. कमला निंबकर हे नाव तिथल्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेमुळे काहींना माहीत असेल. या बाई मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं. इथे शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून समुद्र ओलांडून जावं लागलं.

परत आल्यावर बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, बाई तिच्या पहिल्या अध्यक्ष. पुढे आशियातल्या पुनर्वसनाच्या कामासाठी त्यांनी एक नियतकालिक चालवलं. भारतातल्या पुनर्वसनाचा इतिहासही त्यांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवला. क्रम बघा. आधी शिकायला जागा, मग एकमेकांना भेटायला संघटना, मग काम लिहून छापायला नियतकालिक. नवीन माणसाला करिअर घडवायला याच तीन गोष्टी लागतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी एका बाईने ते ओळखलं होतं.

आता गंमत बघा. याच कमलाबाईंच्या सून जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचं पुढे काय झालं, याची पाहणी इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केली आणि १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने ती पुस्तकरूपाने छापली. म्हणजे पुनर्वसनाचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत होते. सासूबाई शरीराच्या पुनर्वसनाचं काम उभं करत होत्या, सूनबाई आपल्या आईबरोबर धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शोध घेत होत्या.

यातली एक गोष्ट तरुण मुलांनी लक्षात ठेवावी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी तर ठेवावीच. इरावती कर्वे तेव्हा देशभर मान्यता असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. पण पुस्तकावर त्यांच्या नावाबरोबर धाकट्या पिढीचंही नाव आहे. काम दोघींचं, नावं दोघींची.

आज काय चालतं ते मी ऐकतो. गावोगाव फिरून माहिती गोळा करायची पोराने, रात्र-रात्र आकडे भरायचे पोराने, आणि पेपर छापून आला की त्याचं नाव तिसरं किंवा चौथं, कधी कधी नाहीच. लेखक कुणाला म्हणायचं याचे नियम आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ते घालून दिलेत. नुसतं विभागप्रमुख असणं किंवा परवानगी देणं हे लेखक होण्याला पुरेसं नाही, असं त्यात स्वच्छ आहे. पण पोराला हे सांगणार कोण? ज्याने सांगायचं, त्याचंच नाव वर असतं.

दुसरं उदाहरण वेल्लोरचं. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं 'कुजून' झडतात असं तेव्हा सगळे धरून चालायचे. ब्रँड यांनी दाखवून दिलं की संवेदना गेल्यामुळे माणसाला चटका, जखम कळत नाही आणि त्या जखमांनी बोटं जातात. म्हणजे सांभाळलं तर हात वाचू शकतो. त्यांच्याच संस्थेत मेरी वर्गीस नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. १९५४ मध्ये गाडीच्या अपघातात त्यांच्या कंबरेखालचं अंग गेलं. आपलं करिअर संपलं असं त्यांनी धरलं होतं. ब्रँड यांनी त्यांना कुष्ठरोग्यांच्या हातांच्या शस्त्रक्रियेकडे वळवलं. ते काम बसून करता येतं, व्हीलचेअरवरूनही. डॉ. मेरी यांनी ते केलं. मग न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे पुनर्वसनशास्त्र शिकून परत आल्या, वेल्लोरचा पुनर्वसन विभाग सांभाळला आणि १९६६ मध्ये तिथे स्वतंत्र पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ ला पद्मश्री.

लोक ही गोष्ट डॉ. मेरींच्या जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण त्या जिद्दीला वाट दाखवणारा एक वरिष्ठ शेजारी होता, वाट दाखवल्यावर पुढचं शिकायला पाठवणारी संस्था होती, आणि परत आल्यावर द्यायला जागा होती. यातलं एक जरी नसतं तर पुढे काय झालं असतं, सांगता येत नाही.

तिसरं उदाहरण तर आपल्या शिवेलगतचं. पुरंदर तालुक्यातलं परिंचे. डॉ. नोशीर अंतिया हे मोठे प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांच्या बिघडलेल्या चेहऱ्यांवर, हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या भारतातल्या पहिल्या फळीतले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी विभाग उभा केला. पण नुसत्या शस्त्रक्रियेने भागत नाही, गावात आरोग्य उभं राहायला हवं, हे पटल्यावर त्यांनी १९७५ मध्ये सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली, आणि त्या संस्थेने परिंचे भागात गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. इतका मोठा डॉक्टर कमी शिकलेल्या बायकांना शिकवण्यात वेळ घालतो आणि त्यांच्याकडून शिकतोही. आपल्या भोरपासून हे किती लांब आहे? एक तालुका पलीकडे.

तर आपल्याकडे परंपरा नाही असं नाही. परंपरा आहे, तिची व्यवस्था झाली नाही.

बाहेर व्यवस्था कशी करतात? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, नवोदित संशोधकांसाठी खास योजना आहेत. त्यातल्या बहुतेकांची अट अशी की निवडलेल्या तरुणाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी आणि त्याच्या शिक्षणासाठी राखीव ठेवायचा. संस्थेने तसं कबूल करायचं. मार्गदर्शक कोण, तो किती वेळा भेटणार, काय शिकवणार, हे अर्जातच लिहायचं. पुनर्वसनाच्या क्षेत्रासाठीही असे कार्यक्रम आहेत. सगळं तिथलं चांगलं असं माझं म्हणणं नाही. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली, की वेळ राखून ठेवला नाही तर रोजची ओपीडी तो खाऊन टाकते.

आपल्याकडे आयसीएमआरची विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी पैसे देणारी जुनी योजना आहे, १९७९ पासूनची. ती सुरू झाली ती एमबीबीएस आणि दंतवैद्यकाच्या मुलांसाठी. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपीची पोरं त्या पंगतीत नव्हती. २०२१ मध्ये संसदेने या सगळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. म्हणजे 'आम्ही कोण' हे आत्ता आत्ता कायद्याने ठरतंय. अशा वेळी 'आमचा संशोधक कसा घडणार' हे बोललं नाही तर पुन्हा तीस वर्षं जातील.

आणि गरज किती आहे? डब्ल्यूएचओच्या हिशेबाने जगात साधारण २४० कोटी माणसं अशी आहेत, ज्यांच्या दुखण्यात पुनर्वसनाचा उपयोग होईल. दर तीन माणसांत एक. काही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत निम्म्याहून जास्त गरजूंपर्यंत सेवा पोचतच नाही. आपल्या २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यातले १ कोटी ८६ लाख खेड्यात, म्हणजे शंभरातले ६९. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. माणसं खेड्यात, आणि अभ्यास करणारी मुलं शहरातल्या कॉलेजात, कॉलेजच्याच मुलांच्या माना मोजत बसलेली.

इथे कुणीतरी म्हणेल, "पत्रकार साहेब, इथं लोकांना साधा फिजिओ मिळत नाही, आणि तुम्ही संशोधनाच्या गोष्टी करता?"

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. संकलन रजिस्टरमध्ये ज्याचं नाव नाही त्याला जमीन मिळत नाही. त्याचं घर पाण्यात गेलं हे अख्ख्या गावाला माहीत असलं तरी मिळत नाही. हे आपण भोगलंय. शरीराच्या पुनर्वसनाचं तर रजिस्टरच नाही. लकवा येऊन गेलेली किती माणसं वेल्ह्याच्या डोंगरकपारीत खाटेवर पडून आहेत? खुबा मोडलेल्या किती आज्या पुन्हा चालल्या? आठवड्यातून तीनदा व्यायामाला या म्हणून सांगितलेल्यांपैकी एसटीच्या वेळा आणि भाडं बघून किती जण दुसऱ्यांदा आले? हे कुणी मोजलेलं आमच्यापुढे येत नाही. आणि मोजलं नाही तर पद मंजूर करा, खोली द्या, गाडी द्या म्हणून कुठल्या आधारावर भांडायचं? आमदार साहेबांना निवेदन द्यायलाही आकडा लागतो. संशोधन म्हणजे आपली हक्काची नोंद.

दुसरा फायदा औषधपाण्याचा. शहरातला व्यायामाचा कागद जसाच्या तसा गावात चालत नाही. सपाट फरशीसाठी केलेला वॉकर पावसाळ्यात आपल्या पायवाटेवर रुततो. 'मांडी घालू नका, खाली बसू नका' असं ज्या बाईला सांगता, तिचा अर्धा दिवस चुलीपुढे आणि अर्धा वावरात जातो. तिला काय सांगायचं, जे ती खरंच करू शकेल? याचं उत्तर कॅनडातून येणार नाही, पुण्यातूनही येणार नाही. लावणीच्या दिवसांत बांधावर उभं राहिल्याशिवाय ते सापडायचं नाही.

पण एकट्या पोरीने बांधावर उभं राहून चालत नाही. माणसांवर संशोधन करायचं तर नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि लागायलाच हवी. आयसीएमआरची २०१७ ची नियमावली आहे. ती समिती मोठ्या संस्थेत असते, तालुक्यात नसते. किती माणसं घ्यायची, आकडे कसे बघायचे, त्याला संख्याशास्त्राचा जाणकार लागतो. काम झाल्यावर कुठे छापायचं हे सांगणारा लागतो. नाहीतर पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं टपलेलीच आहेत, आणि आईबापाच्या घामाचे पैसे तिकडे जातात. या प्रत्येक ठिकाणी एका वरिष्ठाचा एक फोन पुरतो. तो फोन नसेल तर पोरगी तिथेच थांबते.

मुलींचं आणखी एक. या शिक्षणात मुली मोठ्या संख्येने दिसतात. पंचविशीत स्थळं सुरू होतात, शेवटची एसटी चुकली तर घरी बोलणी बसतात, इंग्रजीत चार माणसांपुढे बोलायची सवय नसते. हुशारीत कुठेच कमी नसताना त्या मागे पडतात. मार्गदर्शक म्हणजे फक्त प्रबंधावर सही करणारा नव्हे. घरी येऊन वडिलांना "काका, हिला अजून दोन वर्षं द्या" म्हणणाराही मार्गदर्शकच.

मग करायचं काय? मला जे सुचतं ते लिहितो. जाणकारांनी दुरुस्त करावं.

एक. पुण्यातल्या फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी कॉलेजांनी एकेक तालुका तीन वर्षांसाठी धरावा. एका दिवसाचं शिबिर घेऊन, फोटो काढून जाणं नको, तीच माणसं तीन वर्षं यावीत. दर महिन्याला एक ठरलेला दिवस भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात, एक वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात. एक वरिष्ठ, दोन-तीन शिकाऊ.

दोन. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मार्गदर्शनाचे तास कामाचे तास म्हणून धरावेत. तास घेतल्याचं मोजता, तसं शेजारी बसून शिकवल्याचंही मोजा. आणि एका मार्गदर्शकाच्या हाताखाली किती मुलं ठेवायची, त्यावर जो आकडा असेल तो खरोखर पाळा.

तीन. काम सुरू होण्याआधी मार्गदर्शक आणि विद्यार्थ्याने एका कानावर लिहून ठेवावं, म्हणजे कोण काय करणार, किती वेळा भेटणार, आणि पेपरवर नावं कुठल्या क्रमाने येणार. शेतीच्या वाट्याचं बोलणं आपण पेरणीआधी करतो ना? तसंच.

चार. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आशाताईंना घरटी माणूस माहीत असतो. त्यांच्या मदतीने गावातल्या प्रत्येक खाटेवरच्या माणसाची साधी नोंद ठेवा. कुणाची, काय झालं, कधी झालं, आज काय जमतं, काय जमत नाही. नाव-पत्ता चावडीवर लावू नका, माणसाची लाज राखा. पण नोंद ठेवा. उद्या एखादी मुलगी अभ्यासाला आली तर तिला शून्यापासून सुरू करावं लागणार नाही.

पाच. आपल्या तालुक्यातून शिकून बाहेर गेलेले थेरपिस्ट आज पुण्या-मुंबईत, परदेशात आहेत. त्यांनी पैसे पाठवायची गरज नाही. महिन्यातून एक तास, व्हिडिओ कॉलवर, इथल्या एका मुलासाठी द्यावा. "तुझा प्रश्न वाचला, अमुक बदल, तमुक वाच, पुढच्या महिन्यात बोलू." एवढंच.

त्या मुलीचं आज काय चाललंय? पुण्यात एका खासगी क्लिनिकमध्ये आहे. सकाळी नऊ ते रात्री आठ. एकामागून एक पेशंटला मशीन लावते, वेळ झाली की काढते. पगारातून कॉट बेसिसचं भाडं आणि कर्जाचा हप्ता जातो. मैत्रिणींचं बघून परदेशी जायच्या परीक्षेची माहिती काढते आहे. गेली तर मला वाईट वाटणार नाही, पोर कष्टाची आहे, तिने चार पैसे मिळवावेत. पण तिच्याबरोबर तो प्रश्नही जाईल. मावळातल्या बाईचा गुडघा कसा मोजायचा, हे विचारणारी दुसरी मुलगी कधी येईल, कुणाला माहीत? आणि ती येईपर्यंत अनेक बायका कागदावर बऱ्या आणि घरात भिंत धरून, अशाच राहतील.

वाचणाऱ्यांत कुणी या क्षेत्रातले प्राध्यापक असतील, निवृत्त डॉक्टर असतील, कुणाच्या ओळखीत असतील, तर मला मेसेज करा. तिचा विषय दोन पानांत तिने मराठीत लिहून ठेवलाय, मी पाठवतो. वाचून फक्त सांगा, यात पुढे काय करता येईल. आणि तुमच्या घरात, भावकीत कुणी पोरगं-पोरगी फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी किंवा स्पीच थेरपी शिकत असेल, तर "नोकरी कधी लागणार" याच्या आधी एकदा विचारा, "तुला आपल्या गावात काय प्रश्न दिसला?"

उत्तर आलं तर तेही कळवा. लावणीला अजून अवकाश आहे. तोवर एक मार्गदर्शक मिळाला तर यंदाच्या पावसात निदान दहा बायकांशी बोलून सुरुवात होईल.